एकेचाळीस भोकं

शिवोलीतलं बोअरचं पाणी
दिसायला निवळ,
वाळलं की पांढरं.
काचेवर, नळावर, टाइलच्या फटींत
कुणी पिठाचे हात पुसून गेल्यासारखं.
शॉवरच्या चकतीला एकेचाळीस भोकं.
मी मोजलीत, स्टुलावर उभी राहून.
त्यांतली तेवीस चालू,
बाकीची मुकी किंवा तिरकी थुंकणारी,
एक तर थेट दाराबाहेर, पायपुसण्यावर.

तीन खोल्या, तीन न्हाण्या.
शनिवारी दहाला पाहुणे जातात,
दोनला नवे येतात.
निळ्या बाटलीतलं ॲसिड ओतायचे मी
श्वास धरून, दार सताड टाकून,
तरी रात्री बांगड्याला मीठ लावताना
पेरापेरांत आग व्हायची.
नवरा म्हणायचा, सरक, मी लावतो.
एवढंच त्याचं प्रेम,
आणि तेही खारट.

रेमेदीननं कुंपणावरून हात पाहिले.
"शालन, हे हात की घोरपडीची पाठ?"
आत गेली.
बराच वेळ आतच होती.
आली ती धुळकट बाटली पदराशी धरल्यासारखी
फ्रॉकशी धरून.

माडाच्या सुरेचं विनागर.
इनासनं काढलेल्या शेवटच्या सुरेचं.
सहा वर्षं झाली त्याला जाऊन.
त्याचा माड आहे अजून,
अंगावर त्याच्या पायांच्या खाचा,
चढणारं कुणी नाही.

"इतकं आंबट झालंय," ती म्हणाली,
"सोरपोतेलला घातलं तर हाडंही विरघळतील.
ओतून टाकायला हात होत नाही.
घे. न्हाणीला लाव."

आधी सोडा, ओल्या फटींवर चिमटीचिमटीनं.
मग विनागर, निम्मं पाणी घालून, फवाऱ्यानं.
बाटलीत दोघांना एकत्र कोंडायचं नाही.
"फसफसून भांडतात आणि शेवटी नुसतं पाणी उरतं,
माझ्या दिराच्या संसारासारखं."
संगमरवराला लावायचं नाही, खाऊन टाकतं.
ब्लीचच्या तर शेजारीही ठेवायचं नाही.
गंजाच्या डागाला बिंबल चिरून चोळायचं,
आणि घासायला तार नको,
सोडणाचा काथ्या.

चकतीसाठी दुधाची पिशवी.
तिच्यात विनागर, वर रबर, रात्रभर.
दिवा मालवताना मागे वळून पाहिलं
तर ती लोंबत होती अंधारात
इनासचं दामोणं पोयीला लोंबायचं तशी.
पुन्हा उंचावर.
मी दार लोटलं नाही.

सकाळी रबर सोडलं.
तळाशी पोह्याच्या कण्यांसारखा क्षार.
नळ फिरवला
आणि पाणी सरळ खाली आलं,
न भांडता, न थुंकता.
पुन्हा मोजलं.
चाळीस.
एक काही केल्या उघडलं नाही.
सुई हातात होती, घातली नाही.

दोनला आलेल्या बाईनं नाक मुरडलं,
"इथं लोणचं घालता का?"
"नाही," मी म्हटलं, "माडाचा वास आहे."
तिनं खिडकीबाहेर पाहिलं, माड होता,
तिचं समाधान झालं.

चार बोटं उरलेली बाटली परत नेली.
रेमेदीननं बूच काढून हुंगलं,
धरून ठेवलं नाकाशी,
ठसका लागेपर्यंत.
डोळे पुसले.
विनागर फार तिखट लागतं नाकाला.

"किती उघडली?"
"चाळीस."
"आणि ते एक?"
मी काही बोलले नाही.
तिनं बूच दाबून बसवलं, वरून तळव्यानं ठोकलं.
"पुढल्या शनिवारी ये," म्हणाली,
"पण संपवू नको."

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
मी दोन डझन लिंबं घेतली.
घासाघीस केली नाही.